ओझे कोणाच्या पाठीवर?

आमचा एक भाचा नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे अमेरिकेतील मोंटाना राज्यात राहतो. मागे एकदा चतुर्थीच्या सुमारास त्याचा फोन आला. क्षेमकुशल विचारून झाल्यावर तो म्हणाला, “मामा, तुम्ही वकील आहात. दोन्ही बाजू ऐकून निकाल द्या. यंदा मी कचेरीतल्या मित्रांबरोबर डोंगरात एल्कच्या शिकारीला जाणार आहे. पाच दिवसांचा मुक्काम. दुकानात तीन तऱ्हांच्या सॅक पाहून आलो. कोणती घेऊ?”

ज्याने जन्मात वकीलपत्रांच्या गठ्ठ्याहून जड असे काही पाठीवर घेतले नाही, त्याला हा प्रश्न विचारावा यात विनोदच अधिक होता. शिवाय शिकार हा शब्द कानी पडताच आमच्या मनात जो थोडा अडथळा उभा राहतो तोही राहिलाच. परंतु वकिलाची खोड अशी की, ज्या विषयातले आपणांस काही कळत नाही त्या विषयातही तो आधी पूर्वीचे निवाडे पाहतो. आम्हीही तेच केले. माणसाने रानात शिकार करून ती घरी कशी आणली, तिचे ओझे कोणी वाहिले आणि त्यासाठी पाठीवर काय बांधले, याची पाने आम्ही काही दिवस चाळीत बसलो. पिशवीचा हा इतिहास पाहता पाहता आमच्यापुढे एक निराळाच प्रश्न येऊन उभा राहिला. वाचकांस आज सांगावयाचे आहे ते त्याविषयी.

प्रथम भाच्याची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. गिर्यारोहणास जाणारा माणूस जितके ओझे घेऊन निघतो, त्याहून हलके घेऊन परत येतो. वाटेत शिधा संपतो. शिकाऱ्याचे उलट असते. जाताना तंबू, पांघरूण, पाच दिवसांचा शिधा. येताना त्यावर जनावराची भर. एल्क हे सांबराच्या जातीचे पण त्याहून मोठे हरीण. पुरता वाढलेला नर सुमारे तीनशे किलो भरतो आणि हाडे काढून टाकली तरी मांस शंभर किलोंच्या आसपास उरते. अलास्कातील मूस तर याच्या दुप्पट वजनाचा. त्याचे निव्वळ मांस दोनशे किलोंच्या वर जाते. हे सारे एका पाठीवर एका खेपेत येणे शक्य नाही. तीन, चार, कधी सात खेपा कराव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला तोच डोंगर चढावा-उतरावा लागतो.

“मग गाडी का नेत नाहीस?” असे आम्ही विचारले. उत्तर कायद्याचे होते, म्हणून आम्हांस विशेष गोडी वाटली. ३ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी ‘वाइल्डरनेस ॲक्ट’ या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने आरंभीच सुमारे ९१ लाख एकर रान असे राखून ठेवले की, तेथे रस्ता बांधावयाचा नाही, मोटार न्यावयाची नाही, यंत्राचे कोणतेही वाहन चालवावयाचे नाही, सायकलसुद्धा नाही. मोंटानातील बॉब मार्शल नावाचे विस्तीर्ण अरण्य त्यांपैकीच एक. तेथे जावयाचे तर पायांनी, नाही तर घोड्याखेचरांवरून. दुसरा नियम मांसाचा. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा मोंटानात गुन्हा आहे. अलास्कात याहून कडक बंधन आहे. तेथे मांस बाहेर आणण्यापूर्वी शिंगे घेऊन निघता येत नाही. शिंगे न्यावयाची ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर. भिंतीवर टांगावयाचे भूषण आधी उचलून बाकीचे कोल्ह्याकुत्र्यांस सोडून देण्याची जी बड्या लोकांची रीत, तिच्यावर कायद्याने ठेवलेले हे बोट आहे.

म्हणजे भाच्याच्या सॅकचा आकार शिंप्याने ठरविण्यापूर्वी निम्माशिम्मा कायद्याने ठरविला होता. गाडी नाही, मांस टाकणे नाही, आणि पदरी घोडे बाळगण्याइतकी ऐपत नाही. मग राहिली ती स्वतःची पाठ. ज्याला स्वतःच्या पाठीवर वाहावयाचे असते तोच पिशवीचा विचार करतो. हे विधान आम्ही सहज केले खरे, पण इतिहास पाहू लागलो तेव्हा ते पदोपदी खरे ठरू लागले.

या प्रकरणातील सर्वांत जुना साक्षीदार बर्फात सापडला. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वतात सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, दोघा गिरिभ्रमण करणाऱ्यांना वितळत्या बर्फातून वर आलेले एक प्रेत दिसले. आरंभी ते कोणा अलीकडच्या अपघातातले वाटले. पुढे कळले की हा मनुष्य सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. त्यास जगाने ‘ओत्झी’ असे नाव दिले. त्याच्यापाशी तांब्याची कुऱ्हाड होती, यू झाडाच्या लाकडाचे अर्धवट घडलेले धनुष्य होते, आणि भात्यात चौदा बाण होते, त्यांपैकी पुरे झालेले दोनच. त्याच्या पोटात रानबोकडाचे आणि हरणाचे मांस होते. आणि जवळच पडली होती हेझेल झाडाची सुमारे दोन मीटर लांबीची एक काठी, वाकवून नालेच्या आकाराची केलेली, व तिला आडव्या बसवावयाच्या लार्च लाकडाच्या दोन फळ्या. बहुतेक संशोधकांच्या मते ही पाठीवरच्या ओझ्याची चौकट. काहींनी हे हिमात चालावयाच्या पादत्राणाचे भाग असावेत असेही म्हटले आहे; तो वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. चौकट मानली तर तिची कल्पना आजही जुनी झालेली नाही. वाकविलेला दांडा, पाठीशी आडव्या पट्ट्या, आणि त्यावर जे बांधावयाचे ते बांधा. ओत्झीच्या खांद्यात बाणाचे दगडी टोक रुतलेले २००१ साली आढळले. म्हणजे हा खुनाचा खटला आहे आणि आरोपी पाच हजार वर्षे फरारी आहे. परंतु आमच्यापुरता महत्त्वाचा पुरावा तो बाण नव्हे, ती वाकविलेली काठी.

चौकट आणि नुसती पिशवी यांत भेद काय, हे ध्यानी घेतले पाहिजे. नुसत्या पिशवीत ओझे घातले की ते तळाशी गोळा होते, पिशवी मागे लोंबते, आणि पट्टे खांद्यांत रुततात. माणूस पुढे वाकतो तो नम्रतेने नव्हे, तर मागे पडू नये म्हणून. चौकट असली म्हणजे ओझे पाठीशी ताठ उभे राहते, उंच बांधता येते, आणि पाठ व ओझे यांच्यामध्ये थोडी हवा खेळते. कॅनडातील केसाळ कातड्यांच्या व्यापारात होड्या वल्हविणारे जे हमाल होते, त्यांस दोन जलमार्गांच्या मधली जमीन ओझे घेऊन ओलांडावी लागे. एक गठ्ठा ९० पौंडांचा, आणि एका खेपेस दोन गठ्ठे ही रीत. म्हणजे ऐंशी किलोंच्या वर. ते कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याने वाहात. नेपाळातील भरिये आजही डोक्याच्या पट्ट्याला लावलेला डोको वाहतात, ती तीच पद्धत. अंतर्गळाने त्या होडीवाल्यांतले कित्येक मेले. त्यांचे ओझे हलके करण्याचा विचार कंपनीच्या हिशेबात बसत नव्हता. पुढे कामिय पुआरिए नावाच्या, मिनेसोटातील डुलुथ गावी दुकान थाटलेल्या फ्रेंच-कॅनेडियन गृहस्थाने कॅनव्हासच्या पिशवीला खांद्याचे पट्टे आणि कपाळपट्टा दोन्ही जोडून १८८२ साली पेटंट मिळविले. तीत चौकट नव्हती. होडीतून जाणाऱ्यास ती फारशी लागतही नसे.

चौकट आधुनिक जगात परत आली ती दोन शिकारी प्रवासांतून. पहिला नॉर्वेतला. १९०८ साली ओले बर्गान नावाचा एक कारागीर शिकारीस गेला असता त्याची जड पिशवी पाठीस टोचू लागली. त्याने जुनिपरच्या झुडपाची एक फांदी तोडली, स्वतःच्या पाठीच्या आकाराप्रमाणे वाकविली, आणि पिशवीला बांधली. पुढच्या वर्षी त्याने चौकटीच्या पिशवीचे पेटंट घेतले; फांदीच्या जागी धातूची नळी आली. पिशवी सपाट फळीसारखी नसून ती पाठीच्या वळणाची असावी, हा त्याचा विशेष.

दुसरा प्रवास अलास्कातला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील लॉईड नेल्सन नावाचा मनुष्य १९२० च्या सुमारास अलास्कात हिंडत असता त्याने तेथील एका मूळ रहिवाशाकडून पाठीवरची एक चौकट उसनी घेतली. लाकडाच्या काठ्या आणि त्यांवर ताणून बसविलेले सीलचे कातडे, अशी तिची घडण होती. नेल्सनने घरी परतून तीत सुधारणा केल्या. काठ्यांच्या जागी नीट रंधलेली लाकडी चौकट आली. कातड्याच्या जागी कॅनव्हास आला. तो दोन्ही बाजूंनी दोऱ्यांनी ताणलेला असल्यामुळे लाकूड पाठीला लागत नसे. आणि सर्वांत मोठी सोय अशी की पिशवी चौकटीपासून अलग काढता येई. जाताना पिशवी लावावी. येताना ती उतरवून नुसत्या चौकटीवर हरणाची तंगडी बांधावी. १९२४ साली त्यास पेटंट मिळाले, आणि ‘ट्रॅपर नेल्सनचा इंडियन पॅक-बोर्ड’ या नावाने ही चौकट शिकारी, जंगलखात्याचे नोकर, खाणी धुंडाळणारे अशा सर्वांच्या पाठीवर पुढे कित्येक वर्षे राहिली.

येथे आमच्यातला वकील थोडा थबकला. नावात ‘इंडियन’ हा शब्द आहे, म्हणजे ऋण नाकारलेले नाही. परंतु ज्याने ती चौकट उसनी दिली त्या मनुष्याचे नाव पेटंटात नाही. पेटंटाचा कायदा नवी कल्पना दफ्तरात प्रथम नोंदविणाऱ्यास ओळखतो. शेकडो वर्षे जी कल्पना सील मारणाऱ्यांच्या, कॅरिबू आणणाऱ्यांच्या पाठीवर फिरत होती, तिला दफ्तर नव्हते. नेल्सनने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही; त्याने कष्ट केले, सुधारणा केली, आणि त्याचे फळ घेतले. तरी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिले त्यांचे नाव कागदावर न येणे, ही गोष्ट आम्हांस पुढेही भेटणार होती, आणि ती आपल्याच देशात.

ती सांगण्यापूर्वी पिशवीची हकीकत पुरी करू. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात डिक केल्टी नावाचा सुतारकाम जाणणारा मनुष्य मित्राबरोबर हिंडत होता. चालता चालता असे दिसले की चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खोचली तर खांद्यांवरचा भार एकदम उतरतो आणि कमरेवर येतो. कमरेचे हाड हे माणसाच्या सांगाड्यातले ओझे पेलणारे खरे बैठकस्थान. खांदे त्या मानाने दुबळे. ही साधी गोष्ट ध्यानी येऊन केल्टीने कमरपट्टा लावला. १९५२ पासून तो ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून चौकटी करू लागला आणि त्याची पत्नी निना घरात शिवणयंत्रावर पिशव्या शिवू लागली. १९६३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या अमेरिकन तुकडीने याच चौकटी वापरल्या. १९६७ च्या सुमारास ग्रेग लो याने चौकट पिशवीच्या पोटातच घातली; तेव्हापासून डोंगर चढणारे बहुतेक लोक तसल्या सुटसुटीत पिशव्यांकडे वळले. मात्र शिकाऱ्यांनी चौकटीचा नाद सोडला नाही. आजच्या त्यांच्या पिशव्यांत चौकट आणि पिशवी यांच्यामध्ये एक फट ठेवलेली असते. येताना पिशवी सैल करून मांसाची पोती त्या फटीत, अगदी पाठीशी घट्ट दाबून बांधतात. ओझे पाठीला जितके लगटून, तितके ते कमी ओढते. नेल्सनच्या अलग होणाऱ्या पिशवीचाच हा नवा अवतार.

आता आम्ही आपल्या देशाकडे वळतो. आपल्याकडे शिकार काय थोडी झाली? ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. शिवपुरीच्या रानात ग्वाल्हेर संस्थानाने पंचम जॉर्ज यांच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी बांधविलेला ‘जॉर्ज कॅसल’ आजही उभा आहे. त्याच दौऱ्यात, डिसेंबर १९११ मध्ये, बादशहांनी नेपाळच्या तराईत जी शिकार केली तिच्यात ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वले पडली, आणि तिच्या दिमतीस सहाशेहून अधिक हत्ती होते. शिकारीवर पुस्तके लिहिली गेली, बंदुकांचे गुणदोष सांगितले गेले, मचाण कसे बांधावे, हाका कसा घालावा यांवर पाने भरली गेली. परंतु या सबंध थोर परंपरेतून पाठीवरच्या पिशवीची एखादी सुधारणा निघाली काय? आम्हांस एकही आढळली नाही.

कारण उघड आहे. ग्वाल्हेरच्या एका जुन्या वाड्यात आम्ही पूर्वी एक छायाचित्र पाहिले होते. मध्ये वाघ, त्याच्या मानेवर बूट टेकलेला साहेब, बाजूस सरदार मंडळी. खाली प्रत्येकाचे नाव व किताब सुबक अक्षरांत लिहिलेला. आणि मागे, थोडी अंधूक, तीस-चाळीस माणसांची रांग. उघडे पाय, डोक्याला फडकी, काहींच्या खांद्यावर बांबू. त्यांच्याखाली एकही नाव नव्हते. त्या वेळी आम्ही वाघाकडे पाहिले होते. भाच्याच्या प्रश्नानंतर आम्हांस ती रांग आठवली. वाघ त्यांनी उचलला, तंबू त्यांनी आणला, साहेबाच्या स्नानाचा टब त्यांनीच वाहिला. जेथे हुकूम सोडताच चाळीस पाठी हजर होतात, तेथे पिशवी कशी असावी याची चिंता कोण करणार?

आपल्या भाषेत ओझ्याचे शब्द काही कमी नाहीत. कावड आहे, पडशी आहे, चुंबळ आहे, गोणी आहे, पाठुंगळी आहे. त्यांपैकी पडशी म्हणजे दोन तोंडांची झोळी. एक भाग छातीवर, एक पाठीवर, भार दोहोंकडे सारखा. वारकऱ्यापासून शिलेदारापर्यंत जो स्वतः चालला त्याने ती वापरली. चुंबळ डोक्यावर वाहणारीने शोधली. परंतु याच भाषेत ‘वेठीस धरणे’ असाही एक वाक्प्रचार आहे, आणि तो आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातली वेठ आपणांस ऐकू येत नाही. गावात अंमलदार आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत फुकट पोचवावयाचे, ही ती वेठ. गोव्यात पोर्तुगीज अंमलात बडी माणसे मचिला नावाच्या डोलीत बसून जात, तेही दुसऱ्याच्याच खांद्यावरून.

कुमाऊँच्या डोंगरात, जेथील नरभक्षकांच्या शिकारीमुळे जिम कॉर्बेट यांचे नाव घरोघर गेले, तेथे या वेठीचे तीन प्रकार होते. कुली-उतार म्हणजे थोडे पैसे देऊन वाहून घेणे, कुली-बेगार म्हणजे काहीच न देता वाहून घेणे, आणि कुली-बर्दायश म्हणजे दौऱ्यावरील साहेबाला फुकट शिधा पुरविणे. कोणाची पाळी कधी, याच्या वह्या गावप्रमुखापाशी असत. जानेवारी १९२१ मध्ये, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या पुढारीपणाखाली हजारो लोक जमले आणि यापुढे वाहणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. गावप्रमुखांनी त्या वह्या आणून शरयू नदीच्या पात्रात टाकल्या. आपल्याकडे ओझ्याच्या इतिहासात एखाद्या पेटंटाच्या तोलाचा दस्तऐवज शोधावयाचा, तर तो या बुडालेल्या वह्यांचा. नेल्सनच्या कागदाने एकाचे नाव राखले. या कागदांनी हजारोंची नावे पाण्यात सोडली, आणि तेच न्यायाचे झाले.

पुढे आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी हा गुन्हा ठरविला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने, एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी पैसे देऊन करून घेतलेले कामही याच अनुच्छेदात येते असे सांगितले. पोटाची भूक हीही एक सक्तीच आहे, हा त्या निकालातील विचार आम्ही कित्येकदा न्यायालयात मांडला आहे. परंतु ओझ्याचा हा इतिहास वाचीपर्यंत तो आम्हांस इतका अंगाशी लागला नव्हता.

कोणी म्हणेल की, मोल देऊन हमाल लावणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. योग्य मोल देऊन, ज्याची खुशी त्याच्याकडून ओझे नेणे हा सरळ व्यवहार आहे. आणि आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या वृद्धांकडून आम्ही असेही ऐकले आहे की, पूर्वी गावची मंडळी रानडुकराच्या शिकारीस जात तेव्हा जनावर बांबूला बांधून पाळीपाळीने खांद्यावर आणीत, आणि हाका घालणाऱ्या प्रत्येकास वाटा मिळे. तेथे वाहणारा आणि खाणारा एकच असे. आमचा आक्षेप आहे तो बिननावाच्या त्या रांगेस, आणि तिच्याकडे न पाहण्याच्या आमच्या सवयीस.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनी छंदाची शिकार बंद केली आहे, आणि ते योग्यच झाले. तेव्हा भाच्यास उत्तर द्यावयाचे ते त्याच्या देशाचा कायदा धरूनच. आम्ही त्यास पुन्हा फोन केला व आमचा निकाल सांगितला.

तीन सॅकपैकी पहिली छोटी होती, दिवसभराच्या भटकंतीची. ती प्रथमच निकालात निघाली. दुसरी गिर्यारोहकांची, पोटात चौकट असलेली, दिसावयास देखणी. पण तीत मांस कोंबावे तर शिधा, पांघरूण व रक्त एकत्र व्हावयाचे. तिसरी चौकटीची, मध्ये फट असलेली. ती पाऊण किलो अधिक जड होती, तरी निकाल तिच्या बाजूने. मात्र अटी घातल्या. पाठीची लांबी मोजून घे. मान खाली घातली असता जो मणका हाताला लागतो तेथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. अंगाच्या उंचीवर जाऊ नकोस. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. कमरपट्टा हाडावर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. आणि दुकानात रिकामी सॅक घालून आरशात पाहू नकोस. तीस किलो वाळू भर, आणि गावाजवळच्या टेकडीवर तीन वेळा चढून उतर. जे पट्टे तिसऱ्या खेपेला बोलणार नाहीत ती सॅक तुझी.

शेवटची अट सॅकची नव्हती. “बंदूक उचलण्यापूर्वी,” आम्ही म्हणालो, “किती खेपा होतील ते मोज. तुझ्यामागे रांग उभी नाही.”

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचा फोन आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मोठा नर त्यास दिसला होता, पण खोल घळीच्या पलीकडच्या अंगास. वर येण्याची वाट अडीच तासांची, खेपा चार, पाऊस-बर्फाचे आभाळ. तो म्हणाला, “मामा, मी बोटांवर मोजले आणि बंदूक खाली घेतली. मित्र हसले. मग त्यांनीही मोजले.”

पाचव्या दिवशी ती मंडळी रिकामी परतली. नवी सॅक शिध्यावाचून हलकी झाली होती आणि तिच्या मधल्या फटीत काही नव्हते. भाच्यास थोडे वाईट वाटत होते. आम्ही त्यास तो वाड्यातल्या छायाचित्राचा प्रसंग सांगितला. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला की पुन्हा ग्वाल्हेरास गेलात तर त्या मागच्या रांगेचा एक फोटो काढून पाठवा, जवळून. आम्ही तसे कबूल केले आहे.